पन्नाशीतही प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसांविषयी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या करिअर पुरवणीत गेल्या काही आठवड्यांत संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांविषयी जे लेख प्रसिद्ध झाले, त्यांत एकच सल्ला वेगवेगळ्या शब्दांत वाचायला मिळाला. अभियंत्याने पहिली सहा-सात वर्षे प्रोग्राम लिहावेत, नंतर टीम लीड व्हावे, आणि चाळिशीच्या आत व्यवस्थापनाकडे वळावे. जो वळला नाही तो मागे राहिला असे समजावे. मी पस्तीस वर्षे प्रोग्राम लिहिण्याचेच काम केले आणि आता निवृत्त आहे. हा सल्ला चुकीचा आहे, त्याने मुलांचे आणि उद्योगाचेही नुकसान होते, असे माझे मत आहे, आणि ते का आहे हे थोडे सविस्तर मांडण्याची परवानगी मागतो.

हे पत्र मी घरच्या संगणकावर मराठीत टंकित करून आपल्याला ईमेलने पाठवत आहे. आपल्याकडे ते उघडेल तेव्हा त्यातली वेलांटी, रफार, जोडाक्षरे जागच्या जागी असतील, अशी मला खात्री आहे. ही खात्री ज्या व्यवस्थेमुळे वाटते तिचे नाव यूटीएफ-८, म्हणजे अक्षरे संगणकात साठवण्याची एक पद्धत. ती १९९२ च्या सप्टेंबरमध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोन अमेरिकेतल्या संशोधक-अभियंत्यांनी तयार केली. थॉम्पसन यांचा जन्म १९४३ सालचा, म्हणजे त्या वेळी त्यांचे वय ४९ होते. आपल्या पुरवणीतल्या हिशेबाने त्यांनी प्रोग्राम लिहिणे सोडून दहा वर्षे व्हायला हवी होती.

थॉम्पसन यांची कारकीर्द बहुतेक वाचकांना माहीत असते ती तिच्या सुरुवातीपुरती. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेऊन १९६६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते न्यू जर्सीतल्या मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. मल्टिक्स नावाच्या एका प्रचंड ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे संगणकाचा सारा कारभार चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामवर, तिथे काम चालू होते. १९६९ मध्ये प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले, आणि थॉम्पसन यांनी कोपऱ्यात पडलेल्या पीडीपी-७ या लहान, जुन्या यंत्रावर स्वतःच्या कल्पनेप्रमाणे छोटी सिस्टिम उभी करायला घेतली. त्या उन्हाळ्यात पत्नी लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे कॅलिफोर्नियाला गेली होती. तेवढ्या काही आठवड्यांत त्यांनी ती चालती केली. हीच युनिक्स. त्यांचे सहकारी डेनिस रिची यांची सी ही प्रोग्रामिंग भाषा तिच्याच सोबतीने घडली, आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला.

ही कथा इतक्यांदा सांगितली गेली आहे की ऐकणाऱ्याच्या मनात एक चित्र पक्के बसते: सव्वीस वर्षांचा हुशार तरुण, रिकामे घर, रात्रंदिवस काम, आणि तीन-चार आठवड्यांत जग बदलणारी वस्तू. पुढची चाळीस वर्षे या चित्राबाहेर राहतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती तीच चाळीस वर्षे.

१९७० च्या दशकाच्या मध्याला थॉम्पसन एक वर्ष बर्कलीला शिकवायला गेले आणि जाताना युनिक्स बरोबर घेऊन गेले. तिथल्या विद्यार्थ्यांनी ती पुढे वाढवली आणि त्यातून बीएसडी ही तिची स्वतंत्र शाखा निघाली. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस यांच्यासोबत त्यांनी पासवर्ड सुरक्षित कसे साठवावेत यावर निबंध लिहिला. प्रत्येक पासवर्डला आपला एक यादृच्छिक तुकडा जोडून मगच तो कुलूपबंद करायचा, म्हणजे दोन माणसांचा पासवर्ड एकच असला तरी साठवलेले रूप वेगळे दिसते, ही त्यातली युक्ती आजही जगभर वापरली जाते. सहकारी जो कॉन्डन (Joe Condon) यांच्यासोबत त्यांनी ‘बेल’ (Belle) नावाचे बुद्धिबळ खेळणारे यंत्र बांधले. त्याने १९८० ची संगणकांची जागतिक बुद्धिबळ स्पर्धा जिंकली आणि १९८३ मध्ये अमेरिकेत मास्टर दर्जाचे मानांकन मिळवले. संगणक क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९८३ सालासाठी त्यांना आणि रिची यांना मिळाला. तेव्हा थॉम्पसन चाळीस वर्षांचे होते. त्यांनी तिथे थांबून पुढचे आयुष्य भाषणे देण्यात काढले असते तरी कोणी नावे ठेवली नसती.

पुरस्कार स्वीकारताना त्यांनी दिलेले व्याख्यान मात्र मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या मुलाला वाचायला देत असे. प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरमध्येच एक चोरवाट लपवता येते, आणि ती अशी लपवता येते की नंतर कंपायलरचा मूळ मजकूर ओळ न् ओळ तपासला तरी सापडत नाही, हे त्यांनी दोन-तीन छोट्या उदाहरणांतून दाखवले. कंपायलर स्वतःचीच पुढची आवृत्ती तयार करतो, आणि ती तयार करताना चोरवाट पुन्हा आत पेरतो. मजकुरातून ती काढून टाकली तरी यंत्रात ती शिल्लक राहते. जो माणूस वर्षानुवर्षे कंपायलर लिहीत आला आहे त्यालाच अशी शंका सुचू शकते. आज यंत्राने लिहून दिलेला प्रोग्राम वाचून मान्यता देण्याचे काम ज्यांच्याकडे येत आहे, त्यांना या शंकेची सवय असणे फार आवश्यक आहे.

आता यूटीएफ-८ कडे वळतो, कारण मराठी वाचकाचा तिच्याशी थेट संबंध आहे आणि अनुभवी हाताने काय साधते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक द्यायचा, ही त्यामागची कल्पना. देवनागरीला त्यात १२८ जागांचा एक पट्टा मिळाला, आणि त्या पट्ट्यातली अक्षरांची मांडणी आपल्याच इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. पण क्रमांक ठरला म्हणजे काम झाले असे नसते. तो फाइलमध्ये कसा लिहायचा हा प्रश्न उरतो. जगातले तोवरचे बहुतेक सारे प्रोग्राम एक अक्षर म्हणजे एक बाइट (संगणकातल्या साठवणुकीचे छोटे एकक) असे धरून चालत होते. एका बाइटमध्ये २५६ हून अधिक वेगवेगळी चिन्हे मावत नाहीत. प्रत्येक अक्षराला सरसकट दोन किंवा चार बाइट दिले, तर जुने प्रोग्राम बंद पडत होते. यावर जे उपाय तेव्हा पुढे आले होते त्यांतल्या एकाचा वापर थॉम्पसन आणि पाइक आपल्या प्लॅन ९ या नव्या सिस्टिममध्ये करत होते आणि त्याच्या अडचणी रोज अनुभवत होते. मानके ठरवणाऱ्या समितीतल्या लोकांनी एका नव्या प्रस्तावाबद्दल त्यांचे मत विचारले, तेव्हा ते म्हणाले की आम्हीच एक चांगली पद्धत आखून देतो. त्याच रात्री न्यू जर्सीतल्या एका खानावळीत जेवताना, ताटाखालच्या कागदावर, थॉम्पसन यांनी तिची रचना मांडली. काही दिवसांत पूर्ण प्लॅन ९ तिच्यावर चालू लागली.

ती रचना दिसायला अगदी साधी आहे. इंग्रजीची जुनी १२८ चिन्हे पूर्वीसारखीच एका बाइटमध्ये राहतात, त्यामुळे जुन्या फाइली आणि जुने प्रोग्राम यांना धक्का लागत नाही. इतर लिप्यांची अक्षरे दोन, तीन किंवा चार बाइट घेतात. अक्षराचा पहिला बाइट पाहताच ते किती बाइटांचे आहे हे कळते, आणि पुढच्या बाइटांवर वेगळी खूण असते. म्हणून मजकुराच्या मध्येच कुठेही उडी मारली, किंवा वाटेत एखादा बाइट हरवला, तरी दोन-तीन पावलांत पुढच्या अक्षराची सुरुवात सापडते; एका चुकीमुळे सगळा मजकूर बिघडत नाही. समितीपुढच्या प्रस्तावात नेमका हाच गुण नव्हता. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘पुणे’ लिहायला प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. ‘महाराष्ट्र’ लिहायला दोन हलन्त खुणा धरून दहा चिन्हे, म्हणजे तीस. इस्कीत एका चिन्हाला एकच बाइट लागे, तेव्हा जागा तिप्पट खर्च झाली ही तक्रार त्या काळी आपल्याकडे पुष्कळांनी केली, मीही केली. पण त्या तिप्पट जागेच्या बदल्यात मराठी, तमिळ, जपानी आणि रशियन मजकूर एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी बसू लागला, आणि तो जगातल्या कोणत्याही संगणकावर उघडू लागला.

याची किंमत मला ठाऊक आहे, कारण त्याआधीची अवस्था मी भोगली आहे. १९९० च्या दशकात आपल्याकडे प्रत्येक मराठी फॉन्ट बनवणाऱ्याची चिन्हांची मांडणी वेगळी होती. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. एका ग्रंथालयाची काही हजार पुस्तकांची मराठी सूची अशाच एका बंद पडलेल्या फॉन्टमध्ये अडकली होती, ती युनिकोडमध्ये आणण्याचे काम पुढे आमच्याकडे आले. जुना फॉन्ट अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवत असे. ‘किती’ मधली पहिली वेलांटी दिसते डावीकडे, म्हणून ती क च्या आधी साठवलेली. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, क च्या नंतर यायला हवी. ‘निर्मिती’ मधला रफार दिसतो म च्या डोक्यावर आणि साठवलेला असे त्याच्या नंतर. युनिकोडमध्ये तो र् म्हणून म च्या आधी हवा. प्रत्येक शब्द उलगडून पुन्हा विणावा लागत होता. आम्ही दोघे जण आठ महिने त्यात गुंतलो होतो. या कामात वय आणि अनुभव यांचा उपयोग झाला तो असा, की माझ्या सोबत्याला त्या जुन्या फॉन्टच्या आधीच्या टंकयंत्राची कळफलक-मांडणी पाठ होती, आणि अमुक चिन्ह अमुक जागी का बसवले असेल हे तो अचूक सांगत असे. ते ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते.

अशाच ज्ञानाची आमच्या क्षेत्रात कशी हेळसांड होते, याचे एक उदाहरण माझ्या नोकरीतले आहे. कंपनीचे नाव घेत नाही, कारण दोष एका कंपनीचा नाही. आमच्या एका सहकाऱ्याने एका बँकेसाठी व्याज आकारणीचा प्रोग्राम लिहिला होता. लीप वर्षातले दिवस, मुदतीच्या मध्येच बदललेला दर, अर्धवट हप्ते यांचा हिशेब त्यात अतिशय विचारपूर्वक केलेला होता. पस्तिशी ओलांडल्यावर त्याला सांगण्यात आले की आता कोडिंग पुरे, चाळीस माणसांचा गट सांभाळा. त्याला माणसे सांभाळण्याची आवड नव्हती आणि ते जमलेही नाही. दोन वर्षांत कंटाळून त्याने नोकरी सोडली. तो गेल्यावर त्या प्रोग्रामला हात लावायला कोणी धजेना. बँकेने नवा नियम आणला की नवी मुले मूळ गणिताला न दुखवता बाहेरून एक ठिगळ लावत, मग दुसरे, मग तिसरे. चांगला प्रोग्रामर गेला आणि एक नाखूश व्यवस्थापक मिळाला, तोही टिकला नाही.

मलाही अडतिसाव्या वर्षी हेच सांगितले गेले. मी नकार दिला. पुढच्या तीन अप्रेझलमध्ये माझ्या कामाविषयी तक्रार नव्हती, पण ‘वाढीची इच्छा दिसत नाही’ असा शेरा होता, आणि पगारवाढ त्या शेऱ्याप्रमाणे झाली. शेवटी मी ती जागा सोडून एका लहान कंपनीत गेलो, कमी पगारावर, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. घरच्यांनी ते समजून घेतले. नातेवाइकांना मात्र अखेरपर्यंत प्रश्न पडत असे की इतकी वर्षे झाली तरी मी ‘अजून’ कोडिंग का करतो. डॉक्टरने पंचावन्नाव्या वर्षीही रोगी तपासावेत आणि शस्त्रक्रिया करावी, गवयाने साठीत मैफल गाजवावी, हे आपल्याला स्वाभाविक वाटते. प्रोग्राम लिहिणे तेवढे उमेदवारीचे काम मानले जाते.

असे का झाले याचे कारण आमच्या सेवा उद्योगाच्या हिशेबात आहे. परदेशी ग्राहकाला माणसांच्या संख्येवर आणि तासांवर बिल लावायचे, खाली नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलांचा मोठा थर ठेवायचा, वर थोडे अनुभवी लोक ठेवायचे, ही आपल्या मोठ्या कंपन्यांची पद्धत. तिला आम्ही आतले लोक पिरॅमिड म्हणतो. या रचनेत पंचेचाळीस वर्षांचा प्रोग्रामर महाग पडतो, कारण बिल माणशी लागते आणि त्याचा पगार तिघा नव्या मुलांइतका असतो. त्याने वाचवलेल्या चुका बिलात दिसत नाहीत. या उद्योगाने लाखो मराठी कुटुंबांना स्थैर्य दिले, माझ्या कुटुंबालाही दिले, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. पण ज्या कामाला नैपुण्य लागते तेथे ही रचना नैपुण्यालाच बाहेर ढकलते.

बेल प्रयोगशाळेत वेगळी व्यवस्था होती. तिथल्या संशोधकांचा हुद्दा वर्षानुवर्षे एकच असे: तांत्रिक विभागाचा सदस्य. नोबेल मिळवलेला असो की काल आलेला, दारावरची पाटी सारखी. माणसांवर अधिकार मिळाल्याशिवाय मान आणि पगार वाढत नाही असे तिथे नव्हते. जे प्रमुख झाले तेही हात कामात ठेवून होते. युनिक्सच्या गटाचे विभागप्रमुख डग मॅकिलरॉय यांनी एका प्रोग्रामचे फलित थेट दुसऱ्यात सोडण्याची ‘पाइप’ ही कल्पना सुचवली, ती त्यांनी अनेक वर्षे लावून धरली, आणि १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये बसवली. विभागप्रमुख स्वतः प्रोग्राम लिहीत असल्यामुळेच त्याला अशी कल्पना सुचते आणि ती कोणाकडून करून घ्यावी हेही कळते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बेल प्रयोगशाळेमागे अमेरिकेतल्या दूरध्वनी व्यवसायाची जवळजवळ पूर्ण मक्तेदारी उभी होती. तिचा पैसा अखंड येत असल्यामुळे संशोधकांना वर्षानुवर्षे मोकळीक देता आली. १९८४ मध्ये ती मक्तेदारी मोडल्यानंतर प्रयोगशाळेचे वैभव हळूहळू ओसरले. शिवाय १९५६ च्या न्यायालयीन समझोत्यामुळे प्रयोगशाळेच्या मालक कंपनीला, एटी अँड टीला, संगणकाच्या धंद्यात उतरण्यास मनाई होती, म्हणून युनिक्स विद्यापीठांना अल्प किमतीत मिळाली आणि जगभर पसरली. हे सारे योग आपल्याकडे जुळवून आणता येणार नाहीत. प्लॅन ९ सुद्धा बाजारात चालली नाही. ज्या कोणी तिचा जमाखर्च मांडला असेल त्याला ती तोट्याचीच दिसली असेल. तरी तिच्यासाठी आखलेल्या अक्षरपद्धतीवर आज जगातल्या जवळजवळ सगळ्या संकेतस्थळांचा मजकूर चालतो.

दीर्घकाळ तांत्रिक काम करणारी माणसे आपल्याकडे झालीच नाहीत असे मला म्हणायचे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा देशात घडवलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला. नरसिंहन त्यानंतरही पुढची तीस वर्षे संगणकशास्त्रातले संशोधन करत राहिले. र. कृ. जोशी यांचे उदाहरण तर मराठी वाचकाच्या अधिक जवळचे आहे. कवी, सुलेखनकार आणि जाहिरात क्षेत्रातले नामवंत असलेले जोशी पुढे पवईच्या आयआयटीत शिकवू लागले, आणि त्यानंतर मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम करू लागले. विंडोजमध्ये देवनागरी दाखवणारा मंगल हा फॉन्ट त्यांचा. सरकारी कार्यालयांपासून शाळांपर्यंत आपण वर्षानुवर्षे ज्या अक्षरांत मराठी वाचली, ती साठीच्या माणसाने आयुष्यभराच्या सुलेखनाच्या अभ्यासातून आखलेली आहेत. पुण्यातही प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, १९८८ पासून आहे आणि टाटांचे संशोधन केंद्र १९८१ पासून; तिथे काही जणांनी आपापली वीस-पंचवीस वर्षे एका विषयाला दिली. पण ही बेटे आहेत. उद्योगाच्या मुख्य प्रवाहात त्यांची रीत उतरली नाही.

थॉम्पसन २००० मध्ये बेल प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, आणि २००६ मध्ये गूगलमध्ये गेले. २००७ च्या सप्टेंबरमध्ये रॉब पाइक आणि रॉबर्ट ग्रीझमर यांच्याबरोबर त्यांनी गो या नव्या प्रोग्रामिंग भाषेचा आराखडा सुरू केला. मोठ्या प्रोग्रामांचे यंत्रभाषेत रूपांतर होण्यासाठी ताटकळत बसावे लागते, एकाच वेळी अनेक कामे चालवणे उगाच क्लिष्ट झाले आहे, ही त्यांची रोजची अडचण होती. पहिला कंपायलर थॉम्पसन यांनी लिहिला. त्या वेळी ते चौसष्ट वर्षांचे होते. आपल्याकडे त्या वयाच्या माणसाला निवृत्त होऊन सहा वर्षे झालेली असतात. ही भाषा नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि आज डॉकर आणि कुबर्नेटिस ही ज्यांच्यावर जगभरच्या सेवा चालतात ती साधने तिच्यातच लिहिलेली आहेत. आपल्या पुरवणीतल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत ‘गो येणारे हवेत’ अशी ओळ हल्ली दिसते.

प्रत्येक वयस्क प्रोग्रामर उत्तम असतो असा माझा दावा नाही. वीस वर्षे तेच काम त्याच पद्धतीने करून नवे काही न शिकलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामुळे तरुणांची अडवणूक झालेलीही पाहिली आहे. थॉम्पसन यांनी दर काही वर्षांनी विषय बदलला: ऑपरेटिंग सिस्टिम, बुद्धिबळ, अक्षरपद्धती, भाषा. ज्याला तांत्रिक मार्गावर राहायचे आहे त्याच्याकडून कंपनीने हे मागावे. पण मागायचे असेल तर त्यासाठी वेळ आणि मान दोन्ही द्यावे लागतील.

म्हणून माझ्या मागण्या अगदी मोजक्या आहेत. महाराष्ट्रातल्या ज्या कंपन्या तांत्रिक मार्ग आहे असे भरतीच्या वेळी सांगतात, त्यांनी त्या मार्गावर पंचेचाळिशीच्या पुढचे किती लोक प्रत्यक्ष काम करतात हे उघड करावे. कागदावर प्रिन्सिपल इंजिनिअर हा हुद्दा असतो, पण तिथल्या माणसाचा सगळा दिवस बैठकांत आणि अहवालांत जातो, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. त्याला तांत्रिक मार्ग म्हणता येत नाही. दुसरे, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही तरतूद केली. किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाला पीएच.डी. नसतानाही ठराविक मुदतीसाठी अध्यापक म्हणून नेमता येते, आणि मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी या जागांवर कंपन्यांचे उपाध्यक्ष बोलावण्याऐवजी वीस-पंचवीस वर्षे प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिलेली माणसे बोलवावीत. दुसऱ्याचा मोठा प्रोग्राम कसा वाचावा, चूक कशी शोधत जावी, कोणती ओळ काढून टाकावी, हे शिकवायला तीच माणसे हवीत.

तिसरी विनंती आपल्याला आहे. पुरवणीत यशस्वी माणसांच्या मुलाखती येतात त्यांत संस्थापक असतात, संचालक असतात. कृपया पन्नाशीतही रोज सकाळी प्रोग्राम लिहायला बसणाऱ्या एखाद्या बाईची किंवा बुवाची मुलाखत छापावी. परदेशातले उदाहरण हवे असेल तर थॉम्पसन यांचे जुने सहकारी ब्रायन कर्निहन यांचे देता येईल. १९७७ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी ऑक हे मजकुरावर प्रक्रिया करणारे साधन लिहिले होते. इंग्रजीपलीकडची अक्षरे त्याला नीट हाताळता येत नसत. २०२२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कर्निहन यांनी स्वतः बसून त्यात यूटीएफ-८ ची सोय केली. आता त्या साधनाला ‘पुणे’ या शब्दाची लांबी विचारली तर ते बारा म्हणत नाही, चार म्हणते. उदाहरण जवळचे हवे असेल, तर अशी तीन माणसे एकट्या कोथरूडमध्ये माझ्या ओळखीची आहेत, आणि त्यांची तयारी असल्याचे मी विचारून ठेवले आहे. आपल्या प्रतिनिधीने कळवल्यास मी गाठ घालून देईन.

आपला,
एक निवृत्त सॉफ्टवेअर अभियंता,
कोथरूड, पुणे